माहेरपणाचे सहा महिने

शैलाताई पाटणकरांची आणि माझी पहिली भेट फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नला, त्यांच्याच घरच्या हळदीकुंकवाला झाली. लग्न करून मी जर्मनीत नुकतीच आले होते. बाकीच्या बायका माझी साडी निरखत होत्या, कुणी उखाण्यासाठी मागे लागल्या होत्या. ताईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, "परवाना कधीपर्यंतचा आहे तुझा?" या बहुधा पोलीस खात्यात असाव्यात, असं मला वाटलं. त्या बालवाडीत शिकवतात हे नंतर कळलं. त्या दिवशी वाण म्हणून आम्हा सगळ्यांना कागद लावायची एकेक जाडजूड फाइल मिळाली. घरी आल्यावर मी अनिकेतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "कसल्या बाई आहेत रे या!" तो हसून म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणून तर सगळे त्यांच्याकडे जातात."

शैलाताईंना पासष्टावं वर्ष पूर्ण होत आहे, आणि बालवाडीतल्या नोकरीतून त्या निवृत्तही झाल्या आहेत. या निमित्ताने निघणाऱ्या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला लिहायला सांगितलं. ताईंबद्दल लिहिण्याचा माझ्यापेक्षा मोठा अधिकार असलेली माणसं फ्रँकफुर्टपासून हायडेलबर्गपर्यंत पसरलेली आहेत. पण त्यांची सर्वांत जास्त बोलणी खाल्लेली मीच असेन, तेवढ्या भांडवलावर लिहिते आहे.

लग्नामुळे इथे येणाऱ्या माणसाचं राहणं सुरुवातीला जोडीदाराच्या आधारावर असतं. आधी मुदतीचा परवाना, मग जर्मन भाषेची परीक्षा, मग कायम वास्तव्याची परवानगी आणि वाटलं तर नागरिकत्व. लिहिताना हे दोन ओळींत बसलं. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला टर्मिन लागते, म्हणजे कार्यालयाने दिलेली भेटीची वेळ, आणि ती मिळेपर्यंत तेहतीस कोटी देव आठवतात. या वाटेवर ताईंनी किती जणांना हाताला धरून नेलं, ते त्यांनी कधी मोजलं नाही. शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कुणी ना कुणी बसलेलं असतंच. चहा मिळतो. चहाबद्दल या गौरवग्रंथात मी अधिक काही लिहीत नाही.

ताईंची कामाची एक रीत आहे. ज्याचा परवाना, त्यानेच बोलायचं. आम्ही दोघं पहिल्यांदा, एका मंगळवारी, त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अनिकेत देत होता. तो इथे बरीच वर्षं राहून जर्मन नागरिक झालेला, भाषा सफाईदार, त्यामुळे त्याला ते साहजिक वाटत होतं. ताईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आल्झो, तर मग अनिकेतराव, परवाना तुमचा आहे की हिचा? कोपऱ्यावर बेकरी आहे, ब्रेड घेऊन या बरं." तो गेल्यावर त्यांनी माझ्यापुढे फोन सरकवला आणि कार्यालयाला माझ्याकडूनच फोन लावून घेतला. मला घाम फुटला. माझं तोडकंमोडकं जर्मन ऐकून पलीकडच्या बाई चक्क हळू बोलायला लागल्या. बायकोच्या नोकरीमुळे इथे आलेल्या नवऱ्यांनाही हाच नियम आहे. तेव्हा बायका बेकरीत जातात.

आता माझ्या चुकीबद्दल, कारण ताई कोण आहेत हे मला त्या चुकीमुळे कळलं.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. जुलैच्या सुरुवातीला मी सांगलीला गेले, सप्टेंबरअखेर रेवा झाली. बारसं झालं, सव्वा महिना झाला, दिवाळी झाली. रेवाच्या जर्मन पासपोर्टसाठी मुंबईच्या चकरा झाल्या. डिसेंबरात आई म्हणाली, "एवीतेवी इतकी राहिलीस, आता संक्रांत करूनच जा. नातीचं पहिलं बोरन्हाण आहे." हलव्याचे दागिने तिने स्वतः केले होते. मला तरी कुठे थंडीत परत जायची घाई होती? आम्ही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातलं तिकीट बघायला लागलो.

तेवढ्यात बाळाची चौकशी करायला ताईंचा फोन आला. चौकशी दोन वाक्यांत आटोपली. "गेलीस कधी? येणार कधी?" मी दोन्ही तारखा सांगितल्या. त्यावर त्यांनी मला सांगितलं की माझ्यासारख्या मुदतीच्या परवान्यावरचा माणूस सहा महिन्यांच्या पुढे देशाबाहेर राहिला, तर परवाना संपतो. मग नव्याने व्हिसा, नव्याने वाट बघणं. तोवर मी सांगलीत आणि अनिकेत एश्बॉर्नमध्ये. "फोन स्पीकरवर टाक आणि आईबाबांना बोलाव," त्या म्हणाल्या.

आई म्हणाली, "अहो, दहा-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. एवढ्याने काय आभाळ कोसळतंय?"

माझे बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगात असं काही नाही जे अर्जाने सुटत नाही. ते म्हणाले, "विलंब माफ करावा असा एक अर्ज देऊ. बाळंतीण बाई आहे. माणुसकी म्हणून काही असेल की नाही तिथे?"

"माणुसकी आहे हो भाऊसाहेब," ताई म्हणाल्या. "जाण्याआधी विचारलं असतं तर मुदत वाढवून मागता आली असती. आताही मागता येईल, पण उत्तर वेळेत येईल याची खात्री मी देऊ शकत नाही. आणि मुदत उलटली की परवाना कुणी रद्द करत नाही, तो आपोआप संपतो. तुमचा अर्ज ऐकायला तिथे कुणी बसलेलं नसतं." मग आईला उद्देशून म्हणाल्या, "आणि मृणालच्या आई, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. कागदाला रथसप्तमी नसते."

आईला तरी ते पटेना. तेव्हा ताईंनी स्वतःची गोष्ट सांगितली. ती इथे लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

ताईंची मुलगी केतकी चार वर्षांची होती, तेव्हा नाशिकला त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. केतकीला मोहनरावांजवळ, म्हणजे यजमानांजवळ, ठेवून ताई सेवेला गेल्या. सासूबाई गेल्या. मग दिवस झाले. नातेवाईक म्हणाले, एवढं मासिक होऊ दे, मग जा. घरातली मोठी सून, नाही कसं म्हणणार? परत आल्या तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि त्यांना बाजूला बसवलं. बाहेर मोहनराव केतकीला घेऊन उभे होते. ताईंना तिथूनच परतीच्या विमानात बसवण्यात आलं. नवा व्हिसा मिळून मुलीपर्यंत पोहोचायला जवळजवळ वर्ष गेलं.

"घरी आले," ताई फोनवर सांगत होत्या, "आणि तिला विचारलं, भूक लागली का ग बाळा? तर म्हणाली, 'नाइन, डांके.' नको, आभारी आहे. पाहुण्या बाईशी बोलावं तसं. मराठी कळत होतं तिला, पण उत्तर जर्मनमध्येच. आणि मला जर्मन येत नव्हतं. माझ्या मुलीशी बोलायला मी ती भाषा शिकले, मृणालच्या आई. सासूबाईंचं केलं त्याचं मला दुःख नाही. पण तेवढं एक मासिक नाशिकच्या माणसांनी केलं असतं, तर चाललं असतं हो."

आई उठली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "तिकीट बघ." मुदत संपायला थोडेच दिवस असताना मी आणि रेवा फ्रँकफुर्टला उतरलो. अनिकेतसोबत ताईही घ्यायला आल्या होत्या. अनिकेतने लेकीला हातात घेतलं, तेव्हा मला काय टळलं ते कळलं, आणि ताईंचा हात धरून मी भर विमानतळावर रडले. त्या म्हणाल्या, "पुरे आता, पार्किंगचं मीटर चालू आहे."

बोरन्हाण रथसप्तमीला ताईंच्या दिवाणखान्यात झालं. बोरं मिळाली नाहीत. द्राक्षं, लाह्या आणि गमीबेअरच्या गोळ्या रेवाच्या डोक्यावरून ओतल्या. ते वेचायला ताईंच्या बालवाडीतली जर्मन पोरं इतक्या उत्साहाने तुटून पडली की उत्सवमूर्तीच घाबरली. आईने सगळं व्हिडिओवर पाहिलं आणि लाह्या कमी पडल्या अशी टीका केली.

ताईंचा सल्ला नेहमी गोड नसतो. एकदा एक जोडपं त्यांच्याकडे आलं. दोघं वेगळं राहायला लागले होते, पण कायम परवान्यासाठी अजून एकत्र राहतो असं दाखवायचं होतं. ताईंनी स्वच्छ नकार दिला. "खोट्यावर उभं राहिलेलं घर मी कुणाला बांधून देणार नाही," म्हणाल्या. नवरा रागावून निघून गेला. ती मुलगी मात्र पुढे बरेच दिवस ताईंकडेच राहिली. ताई तिला सल्ला केंद्रात घेऊन गेल्या, वकील शोधून दिला. आज ती हेर्त्सोगेनआउराखला इंजिनिअर आहे, स्वतःच्या परवान्यावर.

तीन वर्षं झाल्यावर मला कायम परवाना मिळाला, आणि पुढे मी नागरिकत्वासाठी अर्ज केला. जर्मनीने आता दोन नागरिकत्वं चालतील म्हटलं आहे, म्हणून मी खुशीत होते. "जर्मनीने हो म्हटलं म्हणून भारताने म्हटलेलं नाही," ताईंनी मला जमिनीवर आणलं. नागरिकत्व मिळालं, आणि भारतीय पासपोर्ट परत करायला वकिलातीत गेले, तेव्हा त्या सोबत आल्या. खिडकीतून रद्द केल्याचा शिक्का मारलेला माझा पासपोर्ट बाहेर आला. त्यात माझा कॉलेजातला फोटो होता. तरी मी हट्टाने हसतच उभी होते. ताई म्हणाल्या, "रड ग. मी तर दोन दिवस जेवले नव्हते." मग आम्ही रस्त्यावर उभ्या राहून ब्रेत्सेल, म्हणजे इथला वेटोळा खारा पाव, खाल्ला. त्या सबंध दुपारी त्यांनी मला एकही सूचना केली नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी मला शनिवारचं काम समजून घ्यायला बोलावलं. नाशिकला त्यांच्या आई आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. इतकी वर्षं ताई त्यांच्याकडे जात आल्या, पण नेहमी धावत. महिन्याच्या आत परत. मला आधी वाटायचं की त्यांच्या मागे आमच्या टर्मिन असतात म्हणून. चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "आईकडे जाते म्हणते. परतीचं तिकीट काढलेलं नाही." आणि कप माझ्याकडे सरकवत, "चालेल ना ग? सहा महिन्यांच्या पुढे गेलं तर?"

मी म्हटलं, "ताई, तुम्ही जर्मन नागरिक आहात, कितीतरी वर्षं. भारतात हवं तितकं राहता येईल असं ओसीआय कार्ड आहे. तुम्हाला कोण विचारणार?"

"माहीत आहे ग मला. मीच तर सगळ्यांना सांगते," त्या म्हणाल्या. "पण अजून पाचवा महिना म्हटलं की मी बोटांवर दिवस मोजायला लागते. मला एकदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू दे."

मग मी त्यांना सांगितलं, त्या आम्हाला सांगतात तसंच, नीट एकेक शब्द उच्चारून. तुम्ही हवं तितके दिवस राहू शकता. तुमचं काहीही संपणार नाही. ताईंनी मान हलवली आणि पदराने नव्हे, हातातल्या किचन टॉवेलने डोळे टिपले.

शनिवार आम्ही सांभाळू, ताई, चहाही सुधारू. तुम्हाला आणि तुमच्या आईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ते दोघींना एका घरात, निवांत घालवता येवो. माहेरी आलेल्या लेकीला शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "परत कधी?" या वेळी त्यांना तुम्ही खुशाल सांगा, "ठरवलं नाही."