पार्सलची गाठ

दुपारचे तीन. तलावाच्या बागेत, करंजाखाली सतरंजी टाकून प्रमिलाबाई आडव्या झाल्या आहेत. जेवणं उरकलीत, डबे धुऊन उपडे घातलेत, आणि धाकट्या नणंदबाई, सुधावन्सं, जरा पाय मोकळे करायला गेल्यात. त्यांनीच ओढून आणलं, "चला वहिनी, मन रमेल." मन कसलं रमतंय! मधुकरराव जाऊन चार महिने झाले, बाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. भूक लागत नाही, तव्याचा चटका बसला तरी हात काढायचं सुचत नाही. लोक म्हणतात, धीराची बाई. धीर कसला, डोंबलाचा! नुसता दगड झालाय.

डोळा लागतो न लागतो तोच काठावरून हाक येते.

"पमे, ऊठ. बोट सुटतेय."

पायडलच्या पिवळ्या बोटीत मधुकरराव बसलेत. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात मात्र दवाखान्यातल्या सपाता. बाईंना नवल वाटत नाही. काहीच वाटत नाही.

"जेवलात का?" त्या विचारतात.

"जेवणाचं राहू दे. तीस वर्षं 'पुढच्या वेळी, पुढच्या वेळी' करतेयस. बस आता."

खरंय ते. दरवर्षी इथे यायचं, त्यांनी बोटीकडे बघायचं आणि बाईंनी पाण्याला भिऊन पुढच्या वेळी म्हणायचं. मागच्या दिवाळीतही तेच म्हणाल्या. पुढची वेळ काही आली नाही. चार महिने हेच छातीवर बसलंय.

बाई पाय टाकतात तर खाली स्वयंपाकघरातली गार फरशी. पायडल मारतात तर दोन्ही बाजूंनी वॉर्डातल्या खाटा मागे सरकायला लागतात. पाण्याचा आवाज मात्र येतोय.

"माझ्यावर रागावून गेलात का हो?"

"वेडी की काय! बोट एकट्याला देत नाहीत, दोन माणसं लागतात, म्हणून माझी फेरी राहिली. आज सुधीला घेऊन बस." ते त्यांचा पदर ओढतात. "विसरशील तू. थांब, गाठ मारतो."

जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गठ्ठे बांधलेला डावखुरा माणूस. त्यांची गाठ घरात कुणाला सुटायची नाही, बाईच दात लावून सोडवायच्या.

"अहो, हळू. साडी फाटेल."

"वहिनी, उठा. पाचला फाटक बंद करतात." समोर वन्सं उभ्या आहेत.

बाई उठून बसतात. पदराच्या टोकाला गाठ आहे. त्या नखं लावून बघतात, सुटत नाही.

"कशाची आठवण बांधलीत?" वन्सं हसत वाकतात आणि गाठ बोटांत धरून निरखतात. उलट्या हाताची, दुहेरी. लहानपणापासून दप्तराच्या बंदाला बघितलेली.

"मधूदादाची आहे ही," त्या हळूच म्हणतात.

"बोटीत बसायचंय आपल्याला," बाई सांगतात. सवयीनं गाठीला दात लावायला जातात, तर ओठांना खारट लागतं.