रुमालाखालचा हात

आमच्या पेढीवर हळद विकली जायची ती न बोलता. सांगलीच्या पेठेत तेव्हा तीच रीत होती. शेतकऱ्याच्या ढिगापुढे खरेदीदार आणि दलाल समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. बघणाऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसायचा. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. पटलं की पंजा गच्च दाबायचा. मग ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत नसे.

ही पेढी माझ्या वडिलांनी, आबांनी काढली. इस्लामपूरकडच्या खेड्यातून ते आले, दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलली, मग दलाल झाले. आज त्यांचा पणतू गादीवर बसतो. भिंतीवर आबांचा हार घातलेला फोटो आहे, आणि काय शब्दाचा माणूस होता, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. होताच. पण शब्दाचा म्हणवणारा हा माणूस घरात शब्द काढेल तर शपथ! भाजी आवडली की वाटी पुढे सरकवायचे, रागावले की पागोटं घालून बाहेर पडायचे. आई वैतागून म्हणायची, "तुमच्या तोंडाला काय कुलूप घातलंय?" त्यावर आबा मिशीत हसायचे. झालं संभाषण.

मी साताऱ्याला मामाकडे राहून शिकत होते. मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं. मला शाळेत शिकवायचं होतं, आणि त्याचं टुमणं मी आईमागे कायम लावलेलं असायचं. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नसे. कोळशावर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीनं मी दिवाळीला घरी आले. त्या सुट्टीत माधवनगरचे एक गृहस्थ आबांकडे येऊन गेले. मी चहा नेऊन ठेवला. पेढीचं गिऱ्हाईक असेल म्हणून परत पुस्तकात डोकं घातलं. एवढी हुशार मी!

परत निघाले तेव्हा आबा मोटारीपर्यंत पोचवायला आले. असं ते कधी येत नसत. मी धीर करून विचारलं, "आबा, मॅट्रिकचं काय ठरवलंत?"

 उपरण्याआडून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पंजा गच्च दाबला.

मी दलालाची मुलगी. मला याहून स्पष्ट काय हवं होतं? सौदा पटला. कऱ्हाड येईपर्यंत माझा मनातल्या मनात एक अख्खा वर्ग शिकवून झाला होता. साताऱ्यात उतरल्या उतरल्या मामीला पेढे आणायला लावले.

थोड्याच दिवसांत मामाला निरोप आला, की माधवनगरच्या स्थळाशी सुपारी फुटायची आहे, मुलीला घेऊन या. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आई एवढंच म्हणाली, "त्यांनी पाहुण्यांचा हात दाबलाय गं." आमच्या घरात त्यापुढे बोलायचं काही उरत नसे.

सासर चांगलं मिळालं, तक्रार नाही. पण शाळा सुटल्याची घंटा ऐकली की अजूनही हातातलं काम टाकून मी दारात येते. मॅट्रिक राहिली ती राहिलीच.

आबांनी अंथरूण धरलं तेव्हा मी एकदा विचारलंच. "मोटारीपाशी माझा हात कशासाठी दाबला होता हो?"

"सोयरीक ठरवली हुती. तुला इचारलं की मी."

"कुठं विचारलंत?"

"आगं, हात धरला न्हवं? तू काढून घेतला न्हाईस. म्हटलं, पोरीला पसंत हाय." मग छताकडे बघत म्हणाले, "काढला असतास, तर म्या सौदा मोडला असता. लय घाबरत हुतो, तू काढतीस का काय म्हून."

 कळत्या वयात आबांनी माझा हात तेव्हा पहिल्यांदाच धरला होता. तो मी कशी काढून घेणार होते?