डाव्या हाताला दम लागत नाही

मी धुळ्याच्या मिशन शाळेत पियानो शिकले आणि माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवत. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. बँडचे मालकही तेच, मास्तरही तेच. ते भलंमोठं पितळी वाद्य मांडीवर घेऊन पुसायला बसले, की घरात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय नसे.

साठचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका मारवाडी शेठजींना मुलाच्या रिसेप्शनला साहेबी संगीत हवं होतं, सिनेमातलं नको. नानांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, माझी मुलगी लिहून देईल. मला विचारायची त्यांची पद्धत नव्हतीच.

माझ्या पुस्तकातला एका जुन्या जर्मन संगीतकाराचा संथ तुकडा मी काढला. इंग्रजी नोटेशन बँडमध्ये कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून सारेगममध्ये उतरवला. उजव्या हाताचं कॉर्नेटला, मधले सूर ट्रंपेटना, डाव्या हाताचं नानांना. पहिल्याच तालमीत फजिती झाली. लग्नाच्या बँडमध्ये सगळे मिळून एकच चाल वाजवतात. वरातीत सूर तुटणं अपशकुन, म्हणून एकाला दम लागला की शेजारचा चाल पुढे ओढतो. इथे प्रत्येकाचं निराळं. दोन ओळी झाल्या की सगळे गुपचूप कॉर्नेटच्या चालीवर जाऊन बसायचे. मी डोक्याला हात लावला.

त्याच तालमीत मला भीतीने धरलं. पियानोवर डाव्या हाताला दम लागत नाही, तो चालतच राहतो. नानांना मात्र लागत होता, आणि त्यांची ओळ ओढायला शेजारी कुणी नव्हतं. पावसाळ्यात सिव्हिलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हृदय वाढलंय, फुंकणं सोडा, नाहीतर वाजवता वाजवता जाल. हे घरात फक्त नाना, आई आणि मला माहीत होतं. "मंग काय वरातीत बत्त्या उचलू?" एवढंच नाना म्हणाले होते. आई त्या दिवशी जेवली नाही.

मी त्यांच्या ओळीत थांबायच्या जागा पेरल्या. त्यांनी कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कागदले भोकं कसाले पाडात? लोके म्हनतीन, म्हातारानी छाती गई."

मग मी सरळ थाप मारली. ही ओळ पुस्तकातच दोघांत वाटलेली आहे, असं मी म्हणाले. ते त्यांना पटलं. शिरपूरचा एक युफोनियमवाला ठरवला, एक तुकडा त्याचा, एक नानांचा. मी जरा शांत झोपू लागले.

रिसेप्शनच्या संध्याकाळी शिरपूरवाला आलाच नाही. शेठजींचा माणूस दोनदा बोलावून गेला. "मी एकलाच वाजाडसू," नाना म्हणाले. मी म्हटलं, "नाना, नका ना." ते स्टेजवर चढले.

मी मांडवाचा खांब धरून उभी होते. त्यांच्याबरोबर मीही श्वास रोखत होते. मधल्या चढावर त्यांच्या मानेच्या शिरा टरारल्या, ओठ काळेनिळे झाले. ही ओळ माझ्या हाताने लिहिलेली, आणि तीच त्यांना घेऊन जाणार, असं वाटलं. तेवढ्यात नानांनी वाद्य तोंडापासून काढलं.

मास्तरने वाद्य काढलं की सगळ्यांनी काढायचं, हा बँडचा दंडक. सगळे थांबले. लग्नाच्या मांडवात टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. शेठजींनी मान वळवली. नाना डोळे मिटून बसले होते, नुसते खांदे हलत होते. मग त्यांनी वाद्य उचललं, मान हलवली, आणि सगळे बरोबर जागेवर आले. लोकांना वाटलं, साहेबी चाल अशीच असते.

परतीच्या एसटीत नाना खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तठे बठ्ठासनी थांबानं. आसं लिखी ठेव."

हलत्या गाडीत मी पेन्सिलीने लिहिलं, इथे सगळ्यांनी थांबायचं. दोन हंगामांनंतर नाना गेले, घरी, दुपारी, पडल्या पडल्या. त्यांच्या जागी आलेल्या तरण्या वादकाची छाती दणकट होती, त्याला थांबायची गरज नव्हती. तरी तो तुकडा वाजवताना त्या जागी सगळा बँड थांबायचा, नानांना लागला होता तेवढा वेळ. मी मांडवात असले की दर वेळी खांब घट्ट धरायची, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा.