लग्नाआधीची पाठवणी

कोणाच्याही गाडीवर मागे बसण्याआधी ते विचारत, "जिल्ह्यातच ना?" जळगावातल्या आमच्या डाळ मिलवरून कोपऱ्यावरच्या चहाला जायचं असलं तरी. आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण उत्तर मिळाल्याशिवाय बसत नसत.

ते पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेले. तिथे कापडाचं दुकान होतं, इथे आमच्याबरोबर डाळीचे कट्टे भरण्या-शिवण्यावर देखरेख करत. बायकोला आणि मुलीला भारताचं नागरिकत्व मिळालं, त्यांचं मात्र अडकलं होतं. जिल्ह्याबाहेर जायचं तर पोलिसांची परवानगी लागे. तिकडे आम्हाला हिंदुस्थानी म्हणायचे, इकडे पाकिस्तानी म्हणतात, हे ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगत.

मुलीचं लग्न ठरलं धुळ्याला. मुलाकडच्यांनी कार्यालयही तिथलंच धरलं. यांनी वेळेत अर्ज केला, पण साहेब बंदोबस्तात होते. लग्नाची सकाळ उजाडली, परवानगी आली नाही.

मिलमधले आमचे वडीलधारे नाना म्हणाले, "चला भाऊ. कोन इचारस? बठ्ठा आपलाच शेतस." सगळे आपलेच, हे नानांचं नेहमीचं.

"पकडलं तर परत पाठवतील, नाना. मग पोरीनं बापाला भेटायचं कुठे?"

नाना बॅगा उचलून बाहेर गेले.

दारात गाडी उभी होती. त्यांनी मुलीच्या ओटीत नारळ घातला, डोक्यावर हात ठेवला. लग्नाआधीच पाठवणी करणारा बाप मी तो पहिलाच पाहिला. मुलगी रडत होती आणि ते ड्रायव्हरला सांगत होते, धुळ्याच्या अलीकडे रस्ता खराब आहे, सावकाश घे. तो रस्ता त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

नाना सगळ्यांना घेऊन गेले, यांच्या सोबतीला मी मागे राहिलो. दुपारी ते नव्या सदऱ्यात मिलवर आले. नानांनी फोनवरून लग्न दाखवलं. बहुतेक वेळ नानांचा अंगठाच दिसला. त्यांनी तोही शेवटपर्यंत पाहिला.

काही वर्षांनी नागरिकत्व मिळालं. दुसऱ्याच दिवशी ते एसटीनं धुळ्याला जाऊन आले. कसं वाटलं, असं आम्ही विचारलं.

"ऊन फार आहे," ते म्हणाले.

या उन्हाळ्यात ते गेले. बाराव्याला मुलीनं ते धुळ्याला आले त्या दिवसाचं सांगितलं. तिच्या घरी चहा झाल्यावर ते म्हणाले होते, ते कार्यालय दाखव. तिथे कुणा अनोळखी लोकांचं लग्न चाललं होतं. ती संकोचून फाटकातच थांबली. ते आत गेले, कुणाकडून तरी मूठभर अक्षता घेतल्या आणि शेवटच्या रांगेत उभं राहून मंगलाष्टकं संपेपर्यंत टाकत राहिले.