गणपतीच्या डोळ्यांचा वाघ

वाघाचं डोकं घालण्याआधी मामा चपला काढायचे. डोकं बाकावर ठेवून त्याच्या दोन्ही कानांना हात लावायचे, मग तोच हात स्वतःच्या छातीला, आणि म्हणायचे, “चला, आता मी नाय.” एवढं बोलून ते आत शिरत. डोकं उतरेपर्यंत पुन्हा एक अक्षर नाही.

मामा म्हणजे आमच्या पनवेलच्या शाळेचे शिपाई. शाळेतल्या शिपायाला नाव नसतं, तुमच्याही शाळेत नसेल. सुकापूरहून सायकलवर यायचे, घंटा द्यायचे, वर्गावर्गातून सूचनांची वही फिरवायचे, आणि सामने आले की शाळेचा वाघ व्हायचे. ‘मॅस्कॉट’ हा शब्द पी.टी.च्या सरांनी आणला. मामांच्या लेखी ते सोंगच होतं. त्यांच्या गावात शिमग्याला सोंगं निघत, आणि एकदा सोंग घेतलं की बोलायचं नाही, असा तिथला नियम.

वाघाचं डोकं केलं होतं मामांच्या ओळखीच्या पेणच्या एका मूर्तिकाराने. त्या बिचाऱ्याचा जन्म गणपती करण्यात गेलेला. पट्टे झकास काढले, मिशा झोकदार, पण डोळे आखायला बसला आणि हात सवयीने जायचा तिकडेच गेला. वाघ आला तो गणपतीचे डोळे घेऊन. मोठे, शांत, जरासे खाली झुकलेले. पहिल्याच सामन्यात समोरच्या शाळेतल्या कुणाच्या तरी आजीने त्याला चक्क हात जोडले.

मोठ्या बाई वैतागल्या. “मामा, हा वाघ घाबरवणार कोणाला? आशीर्वाद देतोय तो! डोळे नव्याने रंगवून आणा.”

मोठ्या बाईंना नाही म्हणणारा एकच माणूस मी त्या शाळेत पाहिला. मामा म्हणाले, “बाई, आखलेले डोले पुसत नायत. बाकी सांगाल ता करीन. ह्या नाय.” बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. डोळे राहिले.

गंमत म्हणजे आतल्या माणसाला त्या डोळ्यांतून दिसत नसे, वाघाच्या उघड्या जबड्यातून बघावं लागे. मी एकदा विचारलं, “मामा, तुम्हाला हे डोळे कधी दिसतच नाहीत ना?” “मना कशाला?” मामा म्हणाले. “ते बाहेरच्यांसाठी हायत.”

नववीत मी खो-खोच्या संघात होते. तालुक्याचा अंतिम सामना, शेवटचं मिनिट, आणि खो मिळायच्या आतच मी उठले. पंचांनी फाउल दिला, तेवढ्यात समोरची मुलगी निसटली, आम्ही एका गुणाने हरलो. कोणी रागावलं नाही, पण माझ्या शेजारी येऊन बसलंही नाही. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडत बसले. जरा वेळाने वाघ आला. शेपूट उचलून मांडीवर घेतलं आणि टेकला.

“मामा, काहीतरी बोला ना!” मी त्यांच्यावरच ओरडले.

वाघ गप्प. ते डोळे तेवढे माझ्याकडे बघत होते. माझं रडू संपेपर्यंत तो बसला, मी उठले तेव्हा उठला. डोकं काढल्यावर मामा घामाने निथळत होते. म्हणाले, “वाघाला बोलता येत नाय गो. म्हनून तर बसला.”

पुढे कॉलेजात मॅस्कॉट होतं घुबड. ज्ञानाचं प्रतीक, असं प्राचार्य सांगायचे, पण आपल्याकडे घुबड म्हटल्यावर लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणी तयार होईना म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आत भट्टी. मी धडपडले, चारदा ‘सॉरी’ म्हणाले, आणि आमचा संघ जिंकल्यावर सगळ्यांबरोबर नाचून आले. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत मामांना सांगायला शाळेत गेले.

“नाचलीस? कोनाबरोबर?”

“आमच्या टीमबरोबर. जिंकलो ना!”

मामा घंटा पुसत होते. “जिंकल्यांकडं सगलेच जातात,” म्हणाले. “सोंगानं दुसरीकडं जायाचं.”

मी चांगलीच ओशाळले. मामांना मी जिंकलेल्यांत नाचताना कधी पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मामा निवृत्त झाले त्या वर्षी शाळेने तयार सिंह आणला, मऊ केसांचा, दात विचकणारा. वाघाचं डोकं भंगारात निघालं. मामांनी तेवढंच मागून घेतलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेलं.

आता मामा नाहीत. जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला सुकापूरला गेले होते. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. कॉटसमोरच्या कपाटावर वाघ होता, पण भिंतीकडे तोंड करून. “त्यांनीच हात करून फिरवाला लावला,” मामी म्हणाल्या. “ऐकू सगला येता त्यांना. बोलता येत नाय म्हनून रडतात.” त्या चहा ठेवायला आत गेल्या.

‘बरे व्हाल’ म्हणणं खोटं होतं. चपला दाराशी काढलेल्याच होत्या. मी वाघाचं डोकं कपाटावरून खाली घेतलं, दोन्ही कानांना हात लावला, तो छातीला लावला. “चला, आता मी नाय,” म्हटलं आणि आत शिरले. कॉटशी, त्यांच्याकडे तोंड करून, खाली बसले.

इतकी वर्षं ते डोळे आम्ही सगळ्यांनी पाहिले, आणि मामा आत असायचे. आज मामा बाहेर होते. जबड्यातून मला त्यांचा डावा हात तेवढा दिसत होता. बऱ्याच वेळाने तो हात उचलला गेला, वाघाच्या एका कानाला लागला, मग दुसऱ्याला. मग त्यांनी तो स्वतःच्या छातीवर ठेवला.

आत मी रडत होते. पण डोकं उतरेपर्यंत एक अक्षर बोलले नाही.