मातीसकट अळंबी

गल्लीत तिला सगळे झाडूकाकू म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. एके काळी तिच्या फरशीवर पाय ठेवायला पाहुणेसुद्धा कचरत. आता मात्र दारापासून ओट्यापर्यंत माती असते आणि ती कुणाला झाडू देत नाही. नवरा गेल्यापासून बाईचं डोकं फिरलं, असं लोक म्हणतात. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार!

तो दारात उभा असतो, हे तिनं कुणालाच सांगितलेलं नाही. हातात टोपली, चपला चिखलानं भरलेल्या. आत येत नाही. उंबरठ्याबाहेर घुटमळतो, जिवंतपणी घुटमळायचा तसाच.

त्या दुपारी नवी सून रानातून अळंबी घेऊन आली. पांढरीशुभ्र, देठ सुरीनं कापलेले, मातीचा कण नाही.

"आई, तिथेच साफ केली. घर पुन्हा तुमच्या पद्धतीनं ठेवायचं ठरवलंय मी," ती मोठ्या हौसेनं म्हणाली. कढई तापली होती. मुलगा ताट घेऊन बसलाच होता.

सासूनं गॅस बंद केला, खुरपं आणि अळंबीची टोपली उचलली. "कुठे कापलीस ते दाखव. आधी चल."

"आई, भुकेनं जीव चाललाय!" मुलगा ओरडला.

"भुकेनं नाही जात," एवढंच ती म्हणाली.

कापलेले बुडखे झाडाखाली तसेच होते. ती एकेक उकरत गेली. पहिले सगळे साधे निघाले. सुनेला हसू यायला लागलं. मग एका बुडख्याखाली, मातीत दडलेली, पातळ पांढरी वाटी निघाली, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी.

"ही दिसली की हात लावायचा नाही. वरून चांगली नि विषारी, दोन्ही सारखीच. कापली की ओळख जमिनीतच राहते." तिनं खुरपं खाली ठेवलं. "त्यांना हे पक्कं ठाऊक होतं गं. मुळापासून उपटून आणायचे. मीच डोकं खायची, माती घरात नको, कापून आणा. शेवटी एकदा आणली कापून. मला अळंबी आवडत नाही, म्हणून मी उरले."

सुनेनं टोपली खड्ड्यात उलटी केली, वर माती लोटली.

घरी आल्यावर ती सवयीनं पायपुसण्याशी थांबली.

"तशीच ये आत," सासू म्हणाली.

सून आत गेली. सासूनं दार लावलं नाही. आणखी एक माणूस जाईल एवढी बाजूला सरून उभी राहिली.

"या ना," ती हळूच म्हणाली. "असू दे माती."