दादाच्या बंदुकीचा बोअर

दादा काविळीनं गेला आणि त्याची रायफल मागं राहिली. जुनी विलायती. घोड्याखालची लोखंडी कडी खालीवर केली की नवं काडतूस आत जायचं. पिकात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी त्यानं ती हौसेनं घेतली होती. डुकरं कमी आणि तिचं कौतुक जास्त.

ती घरात राहावी एवढंच माझ्या वडिलांना, अण्णांना, हवं होतं. परवाना नावावर करून घ्यायला ते सोलापूरला कचेरीत गेले. नळीवरचा आकडा झिजलाय, आतल्या भोकाचा बोअर मोजून आणा, लष्करी मापाचा निघाला तर बंदूक सरकारजमा, असं तिथं सांगितलं. तरणाताठा माणूस गेला त्याचं कुणाला काही नाही, नळीच्या भोकाची मात्र चौकशी. मला तेव्हा राग आला होता, आजही येतो.

घरात दादाचा विषय निघाला की आईचा घास हातातच राही. म्हणून वळसंगहून निघताना अण्णा तिला एवढंच म्हणाले, "बोअर मोजून येतो." बंदूक त्यांनी चादरीत गुंडाळली होती. दुष्काळाचं वर्ष. विहीर आटलेली, मळ्यात बोअर मारायचा दादाचा बेत तसाच राहून गेलेला. आई कधी नव्हे ती दारापर्यंत आली. ते मला त्या वेळी उमगलं नाही. शाळेला सुट्टी होती, मीही अण्णांबरोबर निघाले.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागाचे सुटे भाग करणारा एक टर्नर ओळखीचा होता. नळीच्या भोकापेक्षा जरा जाड अशी मऊ शिशाची गोळी तेल लावून आतून ठोकत न्यायची, तिच्यावर नळीचा ठसा उमटतो, तो मायक्रोमीटरनं मोजायचा, असं तो म्हणाला. आधी नळी साफ करायला त्यानं गज घातला, तर तो अडला. जरा रेटल्यावर चिंधीचा बोळा बाहेर पडला. आईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी. धूळ जाऊ नये म्हणून दादा बंदूक ठेवताना नळीत बोळा बसवायचा. तो त्याच्याच हातचा होता, बोटांनी दाबून बसवलेला. 

अण्णांनी तो उचलून मुठीत धरला. गोळी निघाली. माप लष्करी. टर्नर बिचारा आपणहून पुन्हा मोजून बघत होता, पण माप काही बदललं नाही. अण्णांचं तिकडं लक्षच नव्हतं. बंदूक आम्ही जमा केली आणि चादर तेवढी घेऊन परत आलो.

आई उंबऱ्यातच उभी होती.

"मोजला का बोअर? पाणी लागलं का?"

ती दिवसभर मळ्यातल्या बोअरचीच आस धरून बसली होती, ते मला तेव्हा कळलं. अण्णांनी मूठ उघडून चिंधी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती ओळखली.

"लागलं की," अण्णा म्हणाले, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडले.